भागोजीचा मध

“भागोजी, हा मध नव्हे,” नाना म्हणाले. “हा पाक आहे.”

मी आत खलबत्त्यात सुंठ कुटत होते. हात वरच्या वर थांबला. 

गुरुवार, बाजारचा दिवस होता. मेढ्यातल्या आमच्या दवाखान्याच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. रोगी होते, रोग्यांना घेऊन आलेले होते आणि नुसत्या रिकाम्या बाटल्या घेऊन आलेले त्याहून जास्त होते. दरवर्षी वैशाखात दांडमुऱ्याचा भागोजी ढेबे मधाचा डबा डोक्यावर घेऊन डोंगर उतरून यायचा. नाना, म्हणजे माझे वडील, पंचक्रोशीचे नानावैद्य, डाव्या अंगठ्याच्या नखावर एक थेंब घ्यायचे, जिभेला लावायचे आणि डोळे मिटून सांगायचे, हा मध रानातल्या कुठल्या झाडाच्या फुलांचा आणि डोंगराच्या कुठल्या अंगाचा. भागोजी हसून मान डोलवायचा. औषधापुरता मध आम्ही ठेवून घ्यायचो, उरलेला तासाभरात ओसरीवरच संपायचा. नानांच्या जिभेनं हो म्हटलं की पुढं विचारायचं काही राहत नसे.

आणि आज ती जीभ नाही म्हणाली होती. मी दारात येऊन उभी राहिले. भागोजी नानांच्या तोंडाकडे बघत होता. आता हा भडकेल, शपथा घेईल, डबा आपटेल असं मला वाटलं. पन्नाशीचा काटक धनगर गडी, वीस वर्षं आम्हाला मध देणारा. त्याच्या जागी मी असते तर ओसरी डोक्यावर घेतली असती.

“बरं,” भागोजी म्हणाला.

एवढंच. त्यानं डब्याला झाकण लावलं, डोक्यावर चुंबळ ठेवली, डबा उचलला आणि पायऱ्या उतरून गेला. लोक आपापल्या बाटल्यांकडे बघत राहिले. मग कुणीतरी म्हणालं, “वीस वर्सं पाकच देत आला आसंल काय?” आणि एकदम सगळे बोलायला लागले.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. आयुर्वेदाची पदवी घेऊन नुकती घरी आले होते. परीक्षेत मधाचे आठ प्रकार लिहून मार्क मिळवले होते, पण प्रत्यक्षात मध मधासारखा दिसतो यापलीकडे मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते खातं नानांचं होतं. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघंच.

“नाना, नक्की पाक होता?” रात्री जेवताना मी विचारलं.

“आमटी छान झालीय,” नाना म्हणाले.

मला बरं वाटलं. अलीकडे ते माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत नसत. पण प्रश्नाचं उत्तर काही मिळालं नाही.

माझ्या डोक्यातून भागोजीचं ते ‘बरं’ जाईना. खोटा माणूस असा ‘बरं’ म्हणून जात नाही. खरा माणूस तर मुळीच जात नाही. मग हा कोण? कुठंतरी पाणी मुरत होतं. आणि आणखी एक अडचण होती. आमच्याकडचा मध तळाला गेला होता, निम्मी औषधं मधाशिवाय द्यायची कशी हा प्रश्नच होता. रविवारी सकाळी, साताऱ्याला जाऊन येते असं नानांना सांगून मी एसटीत बसले आणि डोंगराच्या पायथ्याशी उतरले. तिथून दांडमुरा दीड तासाची चढण.

वाडी म्हणजे पठारावरची पंधरा-वीस घरं. भागोजीच्या अंगणात त्याची बायको ठकूबाई गोवऱ्या उलथत होती. मला बघून तिनं ओळखीचं हसू आणायचा प्रयत्न केला आणि ते अर्ध्यातच सोडून दिलं.

“बसा ताई. च्या टाकते.”

“भागोजी कुठंय?”

“मागं हाय. पेट्यांकडं.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “ताई, वाडीनं काय केलं ऐकलं का? बुधवारी वैशाखी पुनव. भैरोबाला मधाचा अभिषेक आस्तो. माझ्या सासऱ्यापासनं आमच्या घरचाच मध. काल रामजी आखाडे येऊन सांगून गेला, यंदा देवाला तुमचा मध नगं. सातारहून बाटली आनलीया.”

तिचा आवाज तिथंच फुटला. बाजारात मध खपला नाही याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. पण देवानं पाठ फिरवली म्हटल्यावर वाडीत तोंड कसं दाखवायचं, हे ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मी उठून मागच्या बाजूला गेले.

आणि बघते तर काय! फणसाच्या झाडाखाली भागोजी एका मधपेटीचं झाकण काढून बसला होता. शेजारी साखरेची पिशवी. हातात तांब्या. तांब्यातून तो पेटीतल्या करवंटीत काहीतरी ओतत होता. मी पुढं होऊन बोट बुडवलं. साखरेचा पाक!

म्हणजे नाना बरोबर होते.

“भागोजी, हे काय?”

तो दचकला नाही. “पाक हाय, ताई.”

“ते दिसतंय मला!”

“नवं मव्हाळ हाय. परवा झाडाच्या ढोलीतनं काढून पेटीत बशिवलं. नव्या जागंला माशी रुळत न्हाई, खायाला न्हाई मिळालं तर उठून जाती. चार दिस घालायचा पाक. पावसाळ्यात फुलं नस्त्यात तवा बी घालाय लागतो.”

“आणि मग ह्या पेटीतला मध?”

“ह्या पेटीत मध कुटनं? पाक चालू आस्ताना मध घेत न्हाईत. ती माशीची शिदोरी.”

त्याचं बोलणं सरळ होतं. पण तांब्यातला पाकही माझ्या डोळ्यांसमोर होता. चोराला मुद्देमालासकट धरावं आणि त्यानं शांतपणे तो मुद्देमाल कशाला लागतो ते समजावून सांगावं, तसं झालं. यावर विश्वास ठेवायचा की नाही?

“मग त्या दिवशी नानांना हे सांगितलं का नाहीस? भांडला का नाहीस?”

भागोजीनं झाकण सावकाश बसवलं. “वैद्यांची तब्येत बरी हाय न्हवं?” त्यानं विचारलं.

मी काय विचारतेय आणि हा काय विचारतोय! मी चिडून म्हणाले की तब्येत उत्तम आहे. निघताना मात्र मी त्याच्याकडून त्याच डब्यातला मध एका लहान बाटलीत मागून घेतला. त्यानं का म्हणून विचारलं नाही.

सोमवारी दुपारी नाना झोपल्यावर मी स्वयंपाकघरात दार लावून प्रयोगशाळा मांडली. भागोजीची बाटली एका बाजूला, आणि घरात कुणीतरी भेट दिलेली दुकानातली सीलबंद बाटली दुसऱ्या बाजूला. शुद्ध मध कसा ओळखावा याच्या सतरा युक्त्या मी ऐकून होते. पाण्याच्या पेल्यात थेंब टाकला. दुकानातला मध तारेसारखा सरळ तळाला गेला, भागोजीचा वाटेतच विरघळायला लागला. टीपकागदावर ठेवला. दुकानातला जागचा हलला नाही, भागोजीच्या थेंबाभोवती ओल पसरली. काडेपेटीची काडी बुडवून ओढली. दुकानातली पेटली, भागोजीची फुसफुसून विझली. शुद्ध मधाला कुत्रं तोंड लावत नाही म्हणतात, म्हणून शेजारच्यांच्या मोत्याला मागच्या दारी बोलावलं. त्यानं दोन्ही मध चाटले, वर ताटलीही चाटली आणि आणखी आहे का म्हणून माझ्याकडे बघत बसला.

म्हणजे तीन परीक्षांत भागोजी नापास आणि एकीत दोघंही. पण नानांनीच मला पूर्वी कधीतरी सांगितलं होतं की डोंगरातल्या आपल्या माशीचा मध पातळच असतो, त्यात पाणी जरा जास्त असतं, या युक्त्या शहाण्यानं करू नयेत. मग शहाण्यानं काय करावं? ती दुकानातली बाटली खरी होती की खोटी, हे मला आज पस्तीस वर्षांनीही माहीत नाही.

शेवटी जे सगळ्यात आधी करायचं ते मी सगळ्यात शेवटी केलं. भागोजीच्या मधात बोट बुडवून जिभेवर ठेवलं.

गोड लागला. पण मग मागून, जिभेच्या मुळाशी, कडसर. जरा तुरटही. मी पुन्हा चाखला. पुन्हा तेच. आता मात्र माझी खात्री पटली की यानं मधात काहीतरी कालवलंय. इतके दिवस पाक-पाक चाललं होतं, आता कडू कुठून आलं? मी बाटली घेऊन तशीच माजघरात गेले. नाना नुकतेच उठून पंचांग चाळत बसले होते.

“नाना, ह्या माणसानं मधात काहीतरी कडू घातलंय.”

“कुणी?”

“भागोजीनं. हा त्याच डब्यातला आहे. रविवारी मी साताऱ्याला गेलेच नव्हते.”

मी रागे भरून घ्यायच्या तयारीत होते. पण नानांनी खोटं बोलल्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. “कडू?” त्यांनी विचारलं. “कसं कडू?”

“आधी नीट गोड. मग मागून कडसर आणि तुरट.”

“मागून? नक्की?”

“तुम्हीच बघा ना!”

त्यांनी बाटली घेतली. नखावर थेंब घेतला. पण तोंडाकडे नेला नाही, नुसते बघत राहिले.

“जांभूळ,” ते म्हणाले. “जांभळीच्या फुलांचा मध असाच लागतो. काही कालवलेलं नाही. अस्सल आहे.”

“पण गुरुवारी तर तुम्ही याच मधाला...”

नानांनी तो थेंब जिभेवर ठेवला. डोळे मिटले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले.

“मला काही लागत नाही, हेमा.”

मला आधी कळलंच नाही. लागत नाही म्हणजे?

“गेल्या पावसाळ्यात ताप आला होता बघ. ताप गेला आणि चव घेऊन गेला. गोड नाही, खारट नाही, कडू नाही. मिरची तेवढी झोंबते. म्हटलं आज येईल, उद्या येईल.”

आईच्या आमटीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवणारा हा माणूस गेले दहा महिने माझ्या हातचं सगळं मुकाट्यानं खात होता, आणि मला आता स्वयंपाक जमायला लागला म्हणून मी शेजारी सांगत फिरत होते. मला रडू आलं. वडिलांसाठी आलं की माझ्या मूर्खपणासाठी, तेही सांगता येत नाही.

“मग नाना, शुद्ध आहे म्हणून टाकायचं होतं! भागोजी कधी खोटं देईल का?”

“माघात तो फेरीवाला आला होता ना, त्याचा मध मी असाच हो म्हणून घेतला. पुढच्या गावच्या बाजारात लोकांनी त्याला काकवी मिसळताना धरला. महिनाभर मी रोग्यांना काकवी चाटवत होतो, हेमा. दुधानं पोळलेला माणूस मी. भागोजीचा थेंब जिभेवर ठेवला, काही म्हणजे काही लागलं नाही, आणि हो म्हणायचा धीरच होईना. नाही म्हटल्यानं रोग्याचं काही जात नव्हतं. जाणार होतं ते भागोजीचं नाव. मी सोपं ते केलं.”

मग म्हणाले, “कुणाला बोलू नकोस.”

“भैरोबाला यंदा त्याचा मध घेणार नाहीत,” मी म्हणाले. “वाडीनं त्याला सांगितलंय.”

हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी पंचांग मिटलं आणि परत उघडलं.

पुढचा दीड दिवस मी काय केलं ते मला धड आठवत नाही. सांगावं तर नाना जातात, न सांगावं तर भागोजी जातो. जिभेशिवायचा वैद्य म्हटल्यावर कोण येणार दाराशी? आणि मध पाकाचा ठरल्यावर भागोजीनं वाडीत राहायचं कसं? कुणाला वाचवायचं हे ठरवणारी मी कोण, हाही प्रश्न होताच. मी मुद्दाम आमटीत जास्त मीठ घालून बघितलं, आणि नानांनी ती खाल्ली तेव्हा मी उठून मोरीत तोंड धुवून आले.

बुधवारी सकाळी मी उठले तर नाना टोपी घालून, काठी घेऊन ओसरीवर उभे.

“एसटी किती वाजताची आहे?” त्यांनी विचारलं.

अडुसष्ट वर्षांच्या त्या माणसाला दीड तासाच्या चढणीला तीन तास लागले. वाटेत तो दर वळणावर बसत होता आणि मी परत चला म्हणत होते. आम्ही वर पोचलो तेव्हा भैरोबासमोर सगळी वाडी जमली होती. गुरव पंचामृताची तयारी करत होता, त्याच्या शेजारी साताऱ्याची ती बाटली. भागोजी आणि ठकूबाई लांब, बांधाच्या कडेला बसले होते.

नानांना बघून रामजी आखाडे लगबगीनं पुढं आला. वाडीचा कारभारी तोच. “वैद्यबुवा, तुमी कशापायी तरास घेतला? आमी न्हाई घेतला त्येचा मध.”

नाना देवळाच्या पायरीवर बसले. धाप लागली होती. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, “माझ्या जिभेला चव नाही. गेल्या पावसाळ्यापासून. त्या दिवशी मला काही कळलं नव्हतं, आणि तरी मी बोललो.”

लोक एकमेकांकडे बघायला लागले. रामजीचा चेहरा माझ्या सोमवारच्या चेहऱ्यासारखा झाला.

“म्हंजी मध खरा हाय का खोटा?”

“ते माझ्या जिभेला सांगता येत नाही. तेच सांगायला आलोय.”

“मग खोटा कशापायी म्हनलासा?”

“भ्यालो,” नाना म्हणाले.

तेवढ्यात भागोजी उठून तरातरा आला. त्या दिवशी ओसरीवर न आलेला राग आज त्याच्या तोंडावर होता.

“कुनी सांगितलं हुतं तुमाला हितं येऊन बोलाय?” तो नानांवर ओरडला. “जीव जायाचा चढताना! आन् कशापायी? मला ठावं हुतं!”

“काय ठाऊक होतं?”

“जीभ गेली त्ये. जांभळीचा मध वो त्यो. बारक्या प्वाराच्या जिभंवर ठिवला तरी त्वांड वाकडं करतंय. तुमी म्हनलासा पाक. तवाच म्हनलं, संपलं, वैद्याची जीभ गेली.”

“मग बोलला का नाहीस रे?”

“काय बोलू? वसरीवर धा गावची मान्सं. माझा मध न्हाई खपला तर म्या म्हशीचं दूध घालीन. तुमच्यावरनं मान्साचा इस्वास उडाला तर त्यांनी औशीदाला जायाचं कुटं? जवळ दुसरं हाय कोन?”

ठकूबाई त्याच्या मागोमाग आली होती. “आन् मला बी सांगितलं न्हाईसा?” ती म्हणाली. “आट दिस रडून डोळं गेलं माझं!”

“तुला सांगितलं आस्तं तर समद्या डोंगराला कळलं आस्तं,” भागोजी म्हणाला. कुणीतरी हसलं, मग गप्प झालं. नानांनी काठीवर कपाळ टेकलं होतं. त्यांचे खांदे हलत होते, आणि इतक्या माणसांदेखत वडिलांच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही हे मला ठरवता येईना.

“मग आता देवाला कंचा मध घालायचा?” रामजीनं विचारलं.

सगळ्यांत म्हातारी बाई पुढं बसली होती, तिनं रामजीकडे असं बघितलं की तो ओशाळला. गुरवानं साताऱ्याची बाटली उचलून मागं सारली आणि म्हणाला, “भागोजी, डबा आन.”

मी भांबावून बघत होते. मधाबद्दल तिथं काहीच सिद्ध झालं नव्हतं. कुणी चाखला नव्हता, पाण्यात टाकला नव्हता, काडी ओढली नव्हती. पाकाच्या तांब्याबद्दल तर कुणाला माहीतही नव्हतं, आणि तो सांगावा असं माझ्याही मनात आलं नाही. दोन पोरं धावत जाऊन डबा घेऊन आली. गुरवानं ओंजळ भरून मध काढला आणि देवाच्या डोक्यावर सोडला. भागोजी खाली मान घालून उभा होता, ठकूबाई मात्र एकेकाच्या तोंडाकडे डोळे वर करून बघत होती.

मग तीर्थ आलं. गुरवानं पहिलं नानांच्या हातावर घातलं, मग माझ्या. नाना ते प्यायले, त्यांनी ओला हात टोपीवरून फिरवला आणि ते माझ्याकडे वळले.

“कसं आहे गं?” त्यांनी हळूच विचारलं.

“गोड आहे, नाना.”

“आणि मागून?”

दूध, दही, तूप, साखर, केळं, त्यात मागचं-पुढचं काय कळणार! पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी डोळे मिटले आणि जिभेच्या मुळाशी शोधायला लागले.